तापलेल्या गाडीला थंडी

गॅरेजमधल्या गोष्टी जुन्या प्लगांसारख्या साठतात. पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, फेकू फेकू म्हणायचं आणि कधीच फेकायच्या नाहीत. परवा चहाला बसलो तर मित्र म्हणाले, "दत्ता, सांग की एखादी." आता एखादी कशी सांगणार? एक काढली की तिच्या मागोमाग दुसरी येतेच.

आमचं गॅरेज भिंगारला. मी आणि सॅम्युएलभाऊ भागीदार. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे बघायचा स्कॅनर मी चालवतो, नाक ते चालवतात. जास्त पेट्रोल पिणारी गाडी आली की आमच्याकडे एक रीत आहे. बॉनेट उघडायच्या आधी सॅम्युएलभाऊ तिचा वास घेणार. आधी सायलेन्सरचा, मग इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीचा. तोवर गॅरेजात कुणी बिडी ओढायची नाही, कांदाभजी आणायची नाही.

मी मशीनवाला माणूस. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर तुम्ही विचारणारच.

*

पारनेरचे एक गुरुजी सेकंडहँड गाडी घेऊन आले. तक्रार नेहमीची, अ‍ॅव्हरेज पडलंय आणि मागून काळा धूर येतो. सॅम्युएलभाऊंनी पट्टी हुंगली आणि म्हणाले, "ऑइलात पेट्रोल उतरलंय. इंजेक्टर गळतोय."

इथवर ठीक. मग त्यांनी मागचं दार उघडलं, आत वाकले आणि विचारलं, "गुरुजी, मागं कोन बसतं?"

"कुणी नाही. मी एकटाच फिरतो."

"म्हातारं बाईमानूस हाय. निलगिरीचं तेल लावतं."

गुरुजी हसले. त्यांच्या घरात निलगिरीची बाटलीसुद्धा नव्हती. आम्ही इंजेक्टर बदलला, धूर गेला, गुरुजी गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला त्यांनी सहज विचारलं होतं. त्याची आई दवाखान्यात नेताना मागच्या सीटवरच गेली. गुडघ्यांना कायम निलगिरी चोळायची म्हणे.

"बरं, गाडी कशी चालतेय?" मी विचारलं.

"गाडी मस्त आहे," गुरुजी म्हणाले. "फक्त मधला आरसा मी छताकडे फिरवून ठेवलाय."

*

एका मंडळाचा वैकुंठरथ आमच्याकडे दुरुस्तीला असायचा. पेट्रोलची जुनी व्हॅन, ड्रायव्हर बबन. त्याचं रडगाणं एकच, "प्लग साफ केले की परत काळे." स्कॅनरवर काही दिसेना. सॅम्युएलभाऊंनी हुंगलं आणि म्हणाले, "हिला आजारच न्हाई. ही कधी पळालीच न्हाई."

अगदी खरं होतं. वैकुंठरथ जन्मभर पहिल्या गिअरमध्ये, मागून माणसं चालत येणार. इंजिन अर्धवट तापलेलं, पेट्रोल नीट जळत नाही, काजळी धरते. सॅम्युएलभाऊंनी उपाय सांगितला, "पाथर्डी रोडला घाल आन दाबून पळव."

बबननं पळवली. लोक सवयीनं बाजूला होऊन हात जोडायचे आणि गाडीचा वेग बघून हात तसेच राहायचे. एका टपरीवाल्यानं तर ओरडून विचारलं, "एवढी घाई कशाची?"

परत आला तेव्हा बबनचा चेहरा उतरलेला होता. "एका म्हाताऱ्यानं हात केला," तो म्हणाला. "लाल फेटा. मैलाच्या दगडावर बसला हुता. वैकुंठरथाला कुनी हात करतं व्हय? मी थांबलोच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावरच्या एका गावातून वर्दी आली. बबन जाऊन आला आणि नळाखाली बराच वेळ हात धूत बसला.

"तोच का?" मी विचारलं.

"तोच. घरचे म्हनले, दवाखान्यात जायचं हुतं. काल गाडीची वाट बघत दगडावर बसला हुता."

मी साबण पुढे केला. प्लग मात्र तेव्हापासून स्वच्छ आहेत.

*

आता सुभेदारसाहेब. फौजेतून रिटायर होऊन आमच्या गॅरेजच्या मागच्याच गल्लीत राहायचे. उंच माणूस, बोलणं मोजकं. छोटी पेट्रोल गाडी होती, तिला पोटच्या पोरीसारखं जपायचे. एकदा ऐन मे महिन्यात ती काळा धूर ओकायला लागली. मी स्कॅनर लावला. इंजिनाचं तापमान, मायनस चाळीस! बाहेर ऊन इतकं की पाना उचलायला फडकं लागत होतं.

साधं करून सांगतो. इंजिन किती गरम आहे, हे एक सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. इंजिन थंड असलं की कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, पूर्वी आपण सकाळी चोक ओढायचो तसं. त्या सेन्सरची वायर तुटली की कॉम्प्युटरला वाटतं कडाक्याची थंडी आहे. मग तो पेट्रोल ओततच राहतो आणि काळा धूर येतो.

"साहेब, तुमची गाडी बर्फात उभी आहे," मी हसत म्हणालो.

ते हसले नाहीत. "मायनस चाळीस मी बघितलंय," ते म्हणाले. "वरच्या पोस्टवर इंजिन बंद पडलं की परत उठत नाही. आम्ही आमची पांघरुणं बॉनेटवर घालायचो आणि स्वतः कुडकुडत बसायचो. गाडी उठली तर आपण खाली जाणार, नाहीतर नाही."

वायर जोडली, आकडा जागेवर आला. पण साहेबांची सवय काही गेली नाही. भिंगारच्या थंडीत ते रोज संध्याकाळी बॉनेटवर काळी घोंगडी घालायचे. गल्लीतले लोक हसायचे. साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "मला कधी शाल आणली नाही, गाडीला घोंगडी घालतात." म्हणायच्या आणि घोंगडीची दुसरी बाजू स्वतःच ओढून नीट करायच्या.

*

साहेब गेल्या उन्हाळ्यात तापानं गेले. गाडी शेडखाली उभी राहिली.

यंदा एप्रिलात आम्ही एका गाडीखाली काम करत होतो. सॅम्युएलभाऊ एकदम थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, "सुभेदार आले."

"भाऊ, तुमच्या जिभेला काही हाड?" मी म्हणालो.

तेवढ्यात कोपऱ्यावर काळा धूर दिसला आणि साहेबांची गाडी आत आली. स्टिअरिंगवर काकू. साठी ओलांडल्यावर बाई वर्षभरात क्लास लावून गाडी शिकल्या होत्या. घरापासून पहिल्या गिअरमध्येच आल्या होत्या. मला कौतुक वाटलं.

सॅम्युएलभाऊंनी गाडीचा धूर ओळखला असणार, अशी मी माझी समजूत घातली. नंतर ते हळूच म्हणाले, "धूर न्हाई रं दत्तू. घोंगडीचा वास आला." मी गाडी आतून-बाहेरून बघितली. घोंगडी गाडीत नव्हती.

काकूंची अडचण वेगळीच होती. मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. त्यानं शेवगावचा एक डीलर ठरवला होता, रविवारी येऊन गाडी नेणार. "प्रशांत म्हणतो, धूर ओकणारी गाडी कशाला ठेवायची. धूर थांबला तर ठेवू म्हणालाय," काकू म्हणाल्या. "दत्ता, त्यांचे कपडे वाटून झाले, ट्रंक दिली, पलंग दिला. ही एवढीच राहिलीय. यात बसले की ते बाजूला बसल्यासारखं वाटतं. ही गेली की मी काय करू?"

त्यांचे डोळे भरले. मी म्हणालो, "काकू, गाडी जाणार नाही." म्हणायला माझं काय जातंय.

*

सेन्सर नवा टाकला. वायर नवी ओढली. इंजेक्टर साफ केले, पेट्रोलचं प्रेशर तपासलं. सॅम्युएलभाऊ नगरला चक्कर मारून आले, धुराचा पत्ता नाही. काकूंनी गाडी घेतली आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत मागं काळंकुट्ट.

मग मी मांडीवर स्कॅनर घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. आकडा नव्वदीच्या आसपास, म्हणजे अगदी बरोबर. काकू स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि आकडा हलला.

वायर तुटली तर आकडा उडी मारतो, एका क्षणात मायनस चाळीस. हा उडी मारत नव्हता. हा उतरत होता. सत्तर. पन्नास. वीस. माणसानं जिना उतरावा तसा. शून्याखाली गेला तेव्हा मी काकूंना गाडी थांबवायला सांगितली आणि बॉनेट उघडून पाण्याच्या पाइपला हात लावला. चटका बसला. टेम्परेचर गन धरली तर इंजिन नव्वदला. इंजिन रसरशीत तापलेलं, आणि आत कॉम्प्युटरला मात्र हाडं गोठवणारी थंडी.

काकू खाली उतरल्या. आकडा वर चढायला लागला.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. गॅरेजवर येऊन मी म्हणालो, "भाऊ, बसल्यावर सीटखाली वायर दबत असणार." दोघांनी मिळून सीट काढली. त्या सेन्सरची वायर सीटखालून जातच नव्हती.

*

रविवारी दुपारी प्रशांत काकूंना आणि डीलरला घेऊन गॅरेजवर आला. सॅम्युएलभाऊ चर्चमधून परस्पर आलेले, अंगात पांढरा शर्ट. डीलरनं गाडी चालू केली, छान चालली. प्रशांत वैतागला, "मग प्रॉब्लेम काय आहे हिचा?"

काकू ड्रायव्हर सीटवर बसल्या. माझ्या हातातल्या स्कॅनरवरचा आकडा उतरायला लागला आणि मागून भसकन काळा धूर डीलरच्या पांढऱ्या पँटवर आला.

"आई, बास झालं आता," प्रशांत म्हणाला. "देऊन टाकू."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. "सॅम्युएलभाऊ, हिला नेमकं झालंय काय? मला कळेल असं सांगा."

सॅम्युएलभाऊंनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला. "वहिनी, अंग तापलंय हिचं, हात लावला तर भाजतं. पन हिला आतनं थंडी वाजतीया. तापातल्या मानसाचं असतं बगा तसं. आपन म्हनतो तापलंय, आन ते म्हनतं पांघरून द्या."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. गाडी चालूच ठेवून त्या खाली उतरल्या.

"ते तसंच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "थंडी वाजतेय, घोंगडी दे. डॉक्टर म्हणाले होते, अंगावर काही ठेवू नका, ताप चढेल. मी काढून घेतली. ते मागत राहिले आणि मी दिली नाही. शेवटपर्यंत दिली नाही मी."

 मग प्रशांत खाली बघत म्हणाला, "फोनवर मीच सांगितलं होतं तुला, काढून घे म्हणून."

काकू घराकडे निघाल्या. प्रशांत उघड्या दारातून ड्रायव्हर सीटवर बसला. मी स्कॅनर बघितला. काकू उतरल्यामुळे वर चढायला लागलेला आकडा थांबला आणि परत उतरू लागला. आधीपेक्षा खाली गेला.

काकू घोंगडी घेऊन आल्या. मी आडवा आलो. "काकू, नको. कॉम्प्युटरला वाटतंय गाडी थंड आहे, त्यामुळे इंजिन गार करणारा पंखासुद्धा फिरत नाही. वरून घोंगडी घातली तर इंजिन जळेल." सॅम्युएलभाऊंनी माझं मनगट धरलं आणि मला मागं ओढलं.

काकूंनी घोंगडी बॉनेटवर पसरली. कडा खाली खोचल्या, एकेक करून, आजारी माणसाच्या खोचतात तशा. "घ्या," त्या म्हणाल्या. तेवढंच.

मायनसमधला आकडा शून्यावर आला. वीस. पन्नास. सत्तर. जिना चढून यावा तसा नव्वदीला आला आणि तिथं थांबला. पंखा फिरायला लागला. धूर विरळ होत होत दिसेनासा झाला. प्रशांतनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं, ते वर न करताच तो डीलरला म्हणाला, "गाडी द्यायची नाही. तुम्हाला उगाच त्रास झाला."

सॅम्युएलभाऊ मागं जाऊन सायलेन्सरपाशी वाकले. बराच वेळ तिथंच होते.

"काय वास येतोय?" मी विचारलं.

"बरं हाय आता," ते म्हणाले आणि रुमालानं डोळे पुसले.

गाडी बंद केल्यावर घडी घालावी म्हणून मी घोंगडी उचलली. वरून ती उन्हानं तापली होती आणि खाली बॉनेट चटके देत होतं. आतल्या बाजूला हात गेला तर लोकर ओली लागली. बर्फात घातल्यासारखी माझी बोटं गारठून बधिर झाली. काकूंनी ती माझ्या हातातून घेतली आणि परत होती तशी घातली.