बायकांचा खांदा

लग्न होऊन मी सावंतवाडीहून सासरी आले, ते कुणकेश्वरापासून काही कोसांवरच्या एका खेड्यात. तिथे मला समुद्राची भीती वाटली नाही, सापाकिरड्याचीही नाही. वाटायची ती आजारी पडण्याची. माहेरी ताप चढला की वडील चप्पल घालून बाहेर पडायचे आणि डॉक्टरांना बरोबर घेऊनच परत यायचे. इथे डॉक्टर म्हणजे सडा, गावाबाहेरचं कातळाचं उघडं पठार, ओलांडायचा, पलीकडे खाडीपर्यंत उतरायचं, होडीने पैलतीर गाठायचा आणि मग तालुक्याचा सरकारी दवाखाना. गाडीचा रस्ता नव्हता. चालवत नसेल त्याला डोलीतून नेत. जाड बांबूला घोंगडी बांधायची, तिच्यात माणूस निजवायचा, दोघांनी बांबू खांद्यावर घ्यायचा आणि दोघांनी बदलीला बरोबर चालायचं.

सासूबाई सांगायच्या, पूर्वी कोणी कुकारो घातला, म्हणजे घरापुढच्या खळ्यात उभं राहून लांब हाक मारली, की पुरुष हातातलं काम टाकून धावत. पैसे कोणी घेत नसे. चहा प्यायचा, विडी ओढायची आणि आपल्या वाटेने जायचं. पुढे तरणेताठे मुंबईला गेले, माझा नवरा आणि थोरले दीरही त्यांतलेच. आणखी एक गोष्ट सासूबाई आवाज उतरवून सांगत. फुकट येणारे सगळ्यांकडे सारख्या पायांनी येत नसत. भाऊबंदकी असली की उशीर व्हायचा. बाळंतिणीच्या डोलीला तर सुवेर, बाळंतपणाचा विटाळ, लागतं म्हणून कोणी हात लावायला बघत नसे.

शेवटी गावाने घरटी वर्गणी काढून चार भोई पगारावर ठेवले. ते कोणालाही उचलत, सुवेर-सुतक बघत नसत. मला त्यांचा फार आधार वाटायचा. पण त्यांना ठेवल्यापासून कुकारो ऐकून कोणी उठेनासं झालं. "माणसां आसत मां?" म्हणायचं आणि पुन्हा जेवायला बसायचं.

माझी थोरली जाऊ, जिला मी वैनी म्हणायचे, त्या वर्षी गरोदर होती. विहिरीवरून दोन कळशा कशा आणायच्या, बांगडे कसे साफ करायचे, हे मला तिनेच शिकवलं. माझ्या चुका ती सासूबाईंपर्यंत जाऊ द्यायची नाही.

महाशिवरात्रीच्या दिवशी गाव कुणकेश्वराच्या जत्रेला रिकामा झाला. भोईही गेले. त्यांनी जाताना सांगितलं होतं आणि आम्ही हसून निरोप दिला होता. देवाला जायला त्यांना कोण नको म्हणणार? वैनीचे दिवस अजून भरले नव्हते.

सकाळीच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली, आणि ऊन चढायच्या आत मुलगी झालीसुद्धा. चांगली रडली. मी चुलीवर पाणी तापवत होते, मनात म्हटलं, सुटली बाई. तेवढ्यात सुईण दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"वार पडणा नाय. रगात थांबणा नाय," ती सासूबाईंना म्हणाली. "माझ्या हातातला आता कायएक रवला नाय. हिका दवाखान्यात न्हेवक व्हया."

सासरे भोयांना शोधायला कुणकेश्वराच्या वाटेने धावत सुटले. पण त्या गर्दीत चार माणसं कुठे सापडणार? सासूबाईंनी खळ्यात जाऊन कुकारो घातला. पुन्हा घातला. पलीकडच्या घरात एक गृहस्थ जाळं विणत बसले होते. ते कुंपणापर्यंत आले.

"वर्गणी दिली मां आमी?" ते म्हणाले. "मगे ती माणसां खंय गेली?" आणि मग आमच्याकडे न बघता, "बाळंतीण ती. माका उद्या देवळात पूजेक जावचा आसा."

ते वाईट नव्हते. तरुणपणी त्यांनी किती जणांना वाहून नेलं होतं, असं मी ऐकलं होतं. पण ते कुंपणापाशीच उभे राहिले.

शेजारची काकी, मासे विकून घर चालवणारी विधवा बाई, पदर खोचत आमच्या पडवीत आली. मागे तिची सून होती.

"बांबू खंय आसा?" तिने विचारलं.

"बायलमाणसां खांदो देनत नाय गो," सासूबाई म्हणाल्या.

"मेल्यावरचो खांदो देनत नाय. ही जिती आसा."

काकी, तिची सून, सुईण आणि मी. मला रक्त बघितलं की घेरी यायची. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, आणि तेव्हाही सांगितलं नाही. मूल सासूबाईंजवळ ठेवून आम्ही निघालो.

सड्यावर सावली नाही. जांभ्याच्या कातळातून ऊन वर येत होतं. मागचा खांदा माझा होता. बांबू हाडावर घासत होता, पण तिकडे माझं लक्षच नव्हतं. घोंगडीच्या तळाला एक काळा डाग होता, तो मोठा होत होता, आणि त्यातून थेंब कातळावर पडत होते. माझा पाय त्याच थेंबांवर पडत होता. मी वाट बदलायला गेले आणि डोली हेलकावली.

"खाली बघू नको," पुढून काकी ओरडली. "माझ्या पाठीकडे बघ."

मी तिच्या पाठीकडे बघत चालले. मनात एकच येत होतं की आपल्या खांद्यावर ही मेली तर आपल्याला कळेल का? डोली जड होईल का? काहीच बदलणार नाही आणि आपण तशाच चालत राहू?

"माका थंडी वाजता गो," आतून वैनी म्हणाली.

भर उन्हात. सुईणीने आपल्या खांद्यावरचं जुन्या लुगड्याचं फडकं काढून तिच्यावर घातलं. सुईणीचा चेहरा बघून मला जे समजायचं ते समजलं.

"चेडू रडता काय?"

"नाही वैनी. झोपलीय." मूल आमच्याबरोबर नव्हतंच, हे ती विसरली होती.

खाडीवर उतरलो तर होडी पैलतीरावर. होडीवाला तारी जत्रेकरूंना सोडून आंब्याखाली आडवा झाला असावा. काकीने हाक मारली. वारा उलटा होता, आवाज पाण्यावर विरून गेला. मग आम्ही चौघींनी मिळून कुकारो घातला. सासरी मोठ्याने बोलायचीही मला सवय नव्हती. त्या दिवशी मी घसा फाटेपर्यंत ओरडले. पलीकडे काही हललं नाही.

सुईण वैनीचं पोट दाबून धरून बसली होती. वैनीचे ओठ कागदासारखे झाले होते. मी बोलले, ती बोलली नाही. मी तिच्या नाकापाशी बोटं धरली, आणि वाऱ्यामुळे मला काही कळेना. श्वास आहे की खाडीचा वारा? आयुष्यात पुढे बरंच काही पाहिलं, पण तेवढं भ्यालेली मला आठवत नाही. काकीने तिचा खांदा गदगदा हलवला. वैनीने डोळे उघडले, आमच्यातल्या कोणाला ओळखलं नाही, आणि पुन्हा मिटले.

मग होडी सुटलेली दिसली. तारी उभा राहून वल्ही मारत होता.

दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांनी वैनीला आत घेतलं आणि दार लावलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले. मी विचारलं, "त्या वाचतील ना?"

"वार काढली आहे. सलाइन लावलं आहे," ते म्हणाले. "आत्ता याहून जास्त मला सांगता येणार नाही. बसून राहा."

आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. आतून कोणी बाहेर आलं की चौघीही उठून उभ्या राहायचो. वैनी जगली. पण दूध आलं नाही, मुलीला शेजारणींनी पाजलं. घरी येताना वैनी डोलीत बसायला तयार होईना. डोली समोर आणली की ती मागे सरायची. सड्यावरून ती बसत उठत, काकीच्या आधाराने चालत आली.

देवळात गावची बैठक झाली. कोणी म्हणालं, भोयांचा पगार बंद करा. कोणी म्हणालं, त्यांना जत्रेला जायची बंदी करा. आम्हा चौघींना कोणी विचारलं नाही. काकी मात्र न विचारता देवळाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"त्येंका काढश्यात तर बाळंतिणीक कोण उचलतलो? तुमी?" ती म्हणाली.

अखेर भोई राहिले. दोघांनी कायम गावात असायचं, आणि प्रत्येक वाडीने बिनपगारी दोन माणसं नेमून द्यायची, असं ठरलं. जाळं विणणाऱ्या गृहस्थांनी आपल्या मुलाचं नाव दिलं.

पुढच्या पावसाळ्याआधी वरच्या वाडीतून पुन्हा कुकारो आला. एक म्हातारा माडावरून पडला होता. मी हातातलं पीठ तसंच टाकलं. धावतच गेले. काकीही पोचली होती. तिथे दोन भोई बांबू बांधत होते आणि वाडीची माणसं बदलीला उभी होती.

थोरला भोई आमच्याकडे बघून म्हणाला, "तुमी कित्याक इलात? आमी आसंव."

काकी घरी वळली. मला मात्र लगेच चालवेना. मी तिथल्याच दगडी गडग्यावर, कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, टेकले आणि डोली सड्यावर दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिले.