मी जिल्ह्यात पहिला आलो, त्याची हकिकत

ऐंशीच्या दशकातली चार-पाच वर्षं मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. वय चोवीस, उंची बेताची आणि वजन सत्तेचाळीस किलो. लग्नासाठी मुली पाहत होतो. दोन घरांतून काही न कळवताच नकार आला. तिसऱ्या घरी मुलीच्या काकानं चहाचा कप माझ्या हातात देताना काळजीनं विचारलं, "भाऊ, बिमार होते काय इतल्यात?" दुसऱ्या दिवसापासून मी व्यायामशाळेत जायला लागलो.

व्यायामशाळा म्हणजे एका राइस मिलच्या आवारातलं रिकामं गोदाम. मिलच्या शेठजींनी ते आम्हाला धानाचा हंगाम लागेपर्यंत वापरायला दिलं होतं. आमचे उस्ताद होते गावातले शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. तरुणपणी नागपूरला त्यांनी वजन उचलण्याच्या स्पर्धा पाहिल्या होत्या, आणि छाती मोजायची टेप गावात त्यांच्याचकडे होती. एवढ्या भांडवलावर ते उस्ताद झाले आणि कोणी हरकत घेतली नाही.

सामान आम्ही वर्गणीनं नव्हे, मेहनतीनं जमवलं. कोणी मोडक्या बैलबंडीचा लोखंडी आख आणला, तो आमचा बार. घमेल्यात सिमेंट ओतून, मधे भोक ठेवून चकत्या पाडल्या. मास्तरांनी प्रत्येक चकती हातात तोलली, डोळे मिटले आणि अंदाजानं तिच्यावर लाल रंगात किलो लिहिले. भिंतीवर तोच रंग वापरून 'बल आणि एकोपा' असंही लिहून घेतलं. आम्ही नऊ-दहा जण होतो. दोन शाळामास्तर, एक जंगल खात्याचा नाकेदार, बाकी माझ्यासारखे खुर्चीवरचे. पहाटे यायचं, आख उचलायचा, भिजवलेले चणे खायचे आणि एकमेकांचे दंड चाचपून "फरक पडून राह्यला" असं म्हणायचं. माझा दंड चाचपताना मात्र लोक नुसती मान हलवत.

दिवाळीनंतर धान यायला लागलं आणि शेठजींनी निरोप धाडला, गोदाम खाली करा, शेजारच्या पडवीत जा. जाताना बारच्या चकत्या सोडवायला गेलो तर त्या आखाच्या गंजानं घट्ट बसलेल्या. मग भरलेला बारच चौघांनी धरला. दोन पावलं चाललो, खाली ठेवला. परत धरला. फाटकापाशी मिलचा एक हमाल बिडी ओढत ट्रकची वाट बघत बसला होता. तिशी-बत्तिशीचा, काटक, माझ्याहून थोडाच उंच. त्यानं आमची ही वरात दोन-तीनदा थांबलेली पाहिली. मग बिडी विझवून कानावर ठेवली, आला, वाकला, बार मांडीवर घेतला, तिथून पाठीवर घेतला आणि पडवीत नेऊन ठेवला. परत जाऊन बिडी पेटवली.

मास्तर त्याच्यामागं धावत गेले.

"तू आमच्यात ये. जानेवारीत चंद्रपूरला जिल्ह्याची स्पर्धा हाय. तू पहिला येशीन."

"काय कराचं असते तिथी?"

"वजन उचलाचं."

हमालानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सकाळपासून तेच तं करून राह्यलो, मास्तर."

"हे वेगळं. इथी उचललं का लोक टाळ्या वाजवते."

त्यानं बिडीची राख झाडली. मग म्हणाला, "सोळा वर्षं झाले उचलून राह्यलो. एकानंई नाई वाजवल्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आला.

तो बौद्ध वस्तीतला होता. आमच्या एकोप्याची परीक्षा लगेच झाली, कारण पडवीत पाण्याचा माठ एकच होता. तिसऱ्या दिवशी दोघे सभासद घरून आपापले तांबे घेऊन आले आणि कोपऱ्यात वेगळे ठेवले. कोणी काही बोललं नाही. मीही नाही, मी तेव्हा बुटाची नाडी बांधत होतो, असं मला चांगलं आठवतं. हमालानंही पाहिलं. त्यानं माठाकडे जायचं टाळलं आणि तसाच घाम पुसत बसला. मास्तरांनी माठातून पेला भरला, त्याच्या हातात दिला, तो पाणी प्यायला, मग त्याच पेल्यानं स्वतः प्यायले आणि तांबेवाल्यांना म्हणाले, "तो उचलते तोच आख तुमी उचलता. आख नाई बाटत काय? का आखासाठी घरून फडकं आनता?"

ते दोघे पुढच्या आठवड्यापासून आले नाहीत. त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला चणे थोडे जास्त येऊ लागले.

हमालाला ताकद शिकवायची नव्हती, कायदे शिकवायचे होते. स्नॅच म्हणजे एका झपाट्यात बार डोक्यावर, आणि दुसऱ्या प्रकारात आधी छातीवर, मग डोक्यावर. डोक्यावर हात ताठ करून उभं राहायचं, पंच 'खाली' म्हणेपर्यंत. हे त्याला पटत नव्हतं. "वझं वर कराचं, तसंच ठुवाचं, अन् मंग जिथून उचललं तिथीच आनून ठुवाचं. मंग उचललं कायले?" तरी तो यायचा. त्याची बायको एकदा डबा द्यायला मिलवर आली तेव्हा पडवीत डोकावून म्हणाली, "घरी पान्याचं पिंप सरकवा म्हनलं तं कंबर दुखते यांची, अन् इथी फुकटचं लोखंड उचलून राह्यले!" तो लाजला, पण दुसऱ्या दिवशी चुकला नाही.

जानेवारीत आम्ही चौघं एस.टी.नं चंद्रपूरला गेलो. मास्तर, नाकेदार, हमाल आणि मी. मी जेवणाच्या पिशव्या सांभाळायला गेलो होतो. मास्तरांनी स्पर्धेचे पोशाख शिवले होते, शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या कापडातून. त्यामुळं आमचे मल्ल पुढून निळे आणि मागून खाकी दिसत होते.

सकाळी वजनं झाली. यादी करणारे गृहस्थ ओरडले, "बावन्न किलोखाली कोणी आहे का?" कोणीच पुढं आलं नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशव्यांकडे पाहिलं. दहा मिनिटांत मी नाकेदाराचा जादा पोशाख घालून उभा होतो. तो मला इतका सैल होता की मास्तरांनी पाठीला चार टाचण्या लावल्या.

"काही नाई," ते म्हणाले, "एकदा नीट वर केलं का झालं. तू एकटाच हायेस गटात."

पहिल्या खेपेला बार माझ्या डोक्यावर गेला आणि उजवीकडे कलून मला घेऊन बसला. पुढं नाकेदाराचाही तसाच कलला. आमच्या गावच्या आखाची डावी चकती चार किलोनं जड होती, हे आम्हाला नंतर कळलं. इतके महिने आम्ही सगळे डाव्या हातानं जोर लावायला शिकलो होतो. दुसऱ्या खेपेला मी डावा हात जाणूनबुजून ढिला सोडला आणि बार वर गेला. बारवर एवढं कमी वजन होतं की मांडणाऱ्या माणसानं ते एका हातानं आणलं होतं. पंचांनी पांढरी निशाणं दाखवली. दुसऱ्या प्रकारातही कसंबसं जमलं. मी जिल्ह्यात पहिला आलो. शेवटचाही मीच होतो, पण ते प्रमाणपत्रावर लिहीत नाहीत.

दुपारी हमालाची पाळी आली. त्याच्या गटात अकरा जण होते, कोळसा खाणीतली दणकट पोरं, रोज दूध-अंडी खाणारी. स्नॅच त्यानं साधं केलं आणि तिथं त्याचं निभावलं. दुसऱ्या प्रकारात त्यानं एकदम मोठं वजन मागितलं. मास्तरांनी डोळे मिटले. त्यानं बार छातीवर घेतला, इतका सहज की मांडवातली कुजबूज थांबली. मग काय झालं देव जाणे. त्यानं मान खाली घातली, बार डोक्यावरून मागं सरकवला, पाठीवर घेतला, कंबरेत वाकला आणि फळ्यांवरून खाली उतरून थेट पंचांच्या टेबलाकडे चालू लागला. पंच खुर्च्या मागं सारून उठले. टेबलापाशी जाऊन त्यानं वाकल्या वाकल्याच विचारलं, "साहेब, कुठी ठुवू?"

सगळा मांडव हसला. आणि टाळ्याही वाजल्या, पुष्कळ वाजल्या. हमालानं त्या ऐकल्या. त्याचा चेहरा फुलला, कारण आपण जिंकलो असं त्याला वाटलं होतं. मास्तरांनी जाऊन समजावलं तेव्हा तो चेहरा कसा विझत गेला, ते मी पिशव्यांपाशी उभा राहून पाहिलं. उरलेल्या दोन्ही खेपांना बार वर गेला, पण इशारा व्हायच्या आत त्यानं खाली आणला. एका प्रकारातल्या सगळ्या खेपा बाद, म्हणून स्नॅचही धरलं गेलं नाही आणि त्याच्या नावापुढं शून्य लागलं.

मूलला तार आधीच गेली होती. बस स्टँडवर बँड उभा. कचेरीतले लोक हार घेऊन आलेले. मला उचलून घ्यायचं ठरलं, पण कोण उचलणार यावर गडबड झाली. तेवढ्यात मागून कोणीतरी मला पायांना धरून अलगद वर घेतलं. तो हमाल होता.

"खाली ठेवा मला," मी कुजबुजलो.

"हलू नोका भाऊ. वझं हललं का पडते." थोडं चालल्यावर म्हणाला, "तुमी तं तांदळाच्या कट्ट्याच्या निम्मेई नाई."

बस स्टँडपासून गुजरीच्या बाजारापर्यंत तो मला घेऊन चालला. लोक माझ्यावर गुलाल टाकत होते आणि तो त्याच्या डोळ्यांत जात होता.

दोन दिवस मी पडवीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी पदक खिशात घालून त्याच्या घरी गेलो. बायकोनं काळा चहा केला. मी पदक पुढं केलं.

"हे तुमचं हाय."

"मी काय करू त्याचं? लहानी पोरगी तोंडात घालते सारं." त्यानं ते परत माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाला, "भाऊ, मले ते थांबाचं शिकवा. उचलाचं येते. थांबाचं नाई येत."

लोकांना थांबवून ठेवणं हा तर माझा पेशाच होता. सगळ्या व्यायामशाळेत या विषयात माझ्याइतका तयार माणूस दुसरा नव्हता. वर्षभर मी रोज पहाटे त्याच्यासमोर स्टुलावर बसलो. तो बार वर न्यायचा आणि मी 'खाली' म्हणायचो, कधी लगेच, कधी फार उशिरा, कधी कागद वाचत असल्यासारखं दुसरीकडे बघत. तो शिव्या द्यायचा आणि थांबायचा. घासलेट ओतून आम्ही सगळ्या चकत्या सोडवल्या आणि मिलच्या काट्यावर नेऊन तोलल्या. मास्तरांच्या लाल आकड्यांपैकी एकही खरा निघाला नाही. तेव्हा मास्तर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

पुढच्या जानेवारीत माझ्या गटात आणखी दोघं आले आणि मी तिसरा आलो, म्हणजे जिथं यायला हवं होतं तिथं. हमालानं शेवटच्या खेपेला मोठं वजन मागितलं. छातीवर घेतलं. वर नेलं. हात ताठ झाले आणि तो थांबला. मुख्य पंच शेजारच्या पाहुण्यांना काहीतरी समजावून देत होते. तो थांबलेलाच. गुडघे थरथरू लागले, मानेच्या शिरा तटतटल्या. मास्तर "ओ साहेब!" म्हणून किंचाळले तेव्हा पंचांनी मान वळवली आणि हात खाली केला. तिन्ही निशाणं पांढरी. तो गटात दुसरा आला.

गावात या वेळी बँड नव्हता, पण मिलमध्ये शेठजींनी सत्कार ठेवला. शेठजी भाषणात म्हणाले, "आपल्या मिलची पोती उचलूनच हा पहिलवान तयार झाला, तेव्हा खरा उस्ताद मीच." सगळे हसले, मास्तर सोडून. भाषण चालू असतानाच बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. हमालानं हार काढला, खिळ्याला अडकवला आणि खांद्यावर गोणपाट टाकून गेला.

त्या महिन्यात मिलचे आणखी पाच हमाल पडवीत यायला लागले. पहाटे आख त्यांच्याच हातात असायचा आणि आम्ही खुर्चीवरचे लोक भिंतीला टेकून आमच्या पाळीची वाट बघायचो. ते आपसांत मोठ्यानं बोलत, हसत, आणि कोणाचं चुकलं तर आमचा जुना हमाल माझ्या स्टुलावरून ओरडत असे. माझं वजन तोवर एकोणपन्नास झालं होतं.