आमचे ढोल न गेलेली मिरवणूक

अमेरिकेत, शिकागोजवळ नेपरव्हिलला लेकीकडे आराम करायला चाललोय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर तिथल्या मराठी मंडळींनी मला ढोल शिकवायला बोलावलं होतं. पुण्यात तीस वर्षं पथकात काढली, त्याचा तोरा इतक्या लांब जाऊन मिरवायची संधी कोण सोडेल? बॅगेत आठ टिपरं (ढोल वाजवायच्या काठ्या) होती. शिकागोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने एक उचलून विचारलं, "हे काय?" मी हवेत ठेका धरून दाखवला, तेव्हा कुठे सुटलो.

गाव नीटनेटकं. हिरवळ अशी कापलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. दर शनिवारी एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये सराव आणि नंतर कुणाच्या तरी गराजमध्ये पावभाजी. सगळ्यात तयार हात केदारचा. नागपूरचा, आयटीतला, पस्तिशीचा. मला न्यायला-सोडायलाही तोच यायचा.

तिसऱ्या शनिवारी गाडीत तो म्हणाला, "काका, एक विचारू? जूनच्या शेवटी शिकागोत प्राइड परेड आहे. मी आणि डॅनियल, माझा पार्टनर, दरवर्षी वॉक करतो. या वेळी आपले चार ढोल नेले तर? आपली कमिटी म्हणते, काका हो म्हणाले तर न्या."

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "गणपतीपुढचे ढोल आहेत रे ते. सगळीकडे नाही नेता येत."

साफ खोटं. पुण्यात मी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला ढोल वाजवलेत, चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनालाही वाजवलेत.

"ओके काका, कॅन्सल करतो," केदार म्हणाला आणि नेहमीसारखं मला दारापर्यंत सोडून गेला.

परेडच्या रविवारी "शिकागोचं तळं बघून येतो" असं लेकीला सांगून मी एकटाच ट्रेनने निघालो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. उतरून अर्धा तास उलट्याच दिशेला चाललो. शेवटी परेडच्या रस्त्यावर पोचलो, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी आपली खुर्ची सरकवून मला जागा दिली. त्या पोलंडच्या. डब्यातली पिएरोगी (बटाटा भरलेली उकडलेली करंजी) पुढे केली. चव बेताची, पण गरम होती.

"तुमचं कोणी आहे यात?" मी विचारलं.

"मुलगा. तिकडे आमच्या गावी असा मोर्चा पहिल्यांदा निघाला, तेव्हा त्याच्यावर दगड पडले. मारणारे थोडेच होते. बाकी आम्ही सगळे सभ्य. पडदे ओढून घरात बसलो. मीसुद्धा." डबा बंद करत त्या म्हणाल्या, "दरवर्षी इथे येऊन बसते. अजून त्याने इकडे पाहिलेलं नाही."



मग केदारचा गट आला. सहा-सात देशी पोरंपोरी. केदारने रंगाची रिकामी प्लास्टिकची बादली दोरीने गळ्यात बांधली होती आणि तिच्यावर तो मी शिकवलेला ठेका वाजवत होता. एक मात्रा चुकत नव्हती. पण बादलीचा आवाज तो केवढासा! दहा पावलांवर विरून जात होता. शेजारी उंच डॅनियल, सुटत आलेला फेटा सावरत नाचत होता. केदारची नजर आमच्या बाजूला वळली, आणि मी गर्दीत मागे सरकलो. मागे सरकल्याची लाज अजून जात नाही.

परतीच्या दिवशी विमानतळावर सोडायलाही केदारच आला. वाकून नमस्कार केला. अशा पोरांनी नमस्कार केला की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "लवकर दोनाचे चार होऊ देत." तेच निघालं आणि "लवकर दोनाचे"पाशी अडकलं.

केदार वाकलेलाच होता. "म्हणा ना काका, पूर्ण म्हणा," तो हळूच म्हणाला. "घरचं कोणी म्हणत नाही."

रांग पुढे सरकली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "नीट राहा हं."

आता पुण्यात पथकाचा सराव सुरू झालाय. लोक अमेरिकेचं विचारतात, मी तळ्याचं वर्णन करतो. तिथे ढोल दिले नाहीत, त्याला निदान एक सबब तरी होती. आशीर्वादाला तर तीही नव्हती. उरलेले तीन शब्द मी तसेच परत घेऊन आलो.