आखाजीला आम्ही जेवलो नाही

त्यांनी माझ्या मानेवर जू ठेवलं आणि हातात पुस्तक दिलं.

"वाच," धाकटा मालक म्हणाला. मग मित्रांकडे वळला. "आमना बैलले वाचता येस. ऐका रे."

ओट्यावर ते बसले होते. अंगात खादी, डोक्यावर टोपी. एक जण इतका हसला की त्याचा चहा बशीतून सांडला. मी खाली अंगणात उभा. मान वाकलेली. जू बाभळीचं होतं, खांद्यात रुतत होतं. मी अडखळत वाचत होतो आणि ते त्यांना जास्तच आवडत होतं. गोठ्याच्या दाराशी माझा बा उभा होता. तोही हसला. मालकाची माणसं हसली की आपणही हसायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं.

माझा गुन्हा एवढाच. मी पुस्तक मागितलं होतं.

म्हसावदकडच्या त्या गावात आम्ही भिलाटीतले, भिल्लांच्या वस्तीतले, बहुतेक सगळे सालदार. एका आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पुढच्या आखाजीपर्यंत मालकाच्या रानात राबायचं. मी चौथीपर्यंत शाळा केली आणि बाच्या जोडीने सालावर लागलो. धाकटा मालक धुळ्याला शिकून आला होता. इंग्रजांविरुद्ध चळवळ सुरू होती आणि या मंडळींना इतिहासाचं वेड लागलं होतं. फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर चांगलं पुस्तक कुठे मिळतं, याचाच ध्यास. पुण्याहून मागवायचे, मुंबईहून मागवायचे. नंदुरबार स्टेशनात पार्सल आलं की गाडी जुंपून मीच आणायचो. संध्याकाळी ओट्यावर एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी वाद घालायचे. हे पुस्तक चांगलं, ते थातूरमातूर.

आम्ही शेजारीच बैलांना वैरण टाकत असायचो. आम्हाला पुस्तकातली मराठी कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. भिल्लांना हाक, बांध, उचल, एवढंच कळतं. म्हणून तर राजाचं काय झालं ते आमच्या देखत बिनधास्त वाचत होते.

मला कळत होतं. माझ्याबरोबरच्या वेस्त्यालाही कळत होतं, तो शाळेत गेला नव्हता तरी. राजाच्या महालात मेजवान्या आणि शहरात खायला भाकरी नाही. मग उपाशी बाया उठल्या आणि चालत महालाकडे निघाल्या. नेमकं तिथे धाकट्या मालकाने पानात खूण घातली आणि पुस्तक मिटलं. जेवण वाढलं होतं.

पुढे काय झालं? आम्हाला चैन पडेना. बाजाराच्या दिवशी मी आणि वेस्त्या शहाद्याच्या वाचनालयात गेलो. तिथला माणूस म्हणाला, वहाणा बाहेर काढा. आमच्या पायात वहाणा नव्हत्याच. मग म्हणाला, तुम्हीच बाहेर थांबा. आम्ही थांबलो. त्याने दार लावून घेतलं.

म्हणून मी धाकट्या मालकाला विचारलं. मनात आलं, हा तर समतेचं बोलतो, हा देईल.

"तुले कशाले जोयजे पुस्तक?" त्याने विचारलं.

"वाचाले," मी म्हणालो.

मग जू आलं. त्याने खूण घातलेलं पान उघडून दिलं. बाया महालात पोचल्या. पहारेकरी त्यांना अडवू शकले नाहीत. राजाला त्यांनी आपल्याबरोबर शहरात यायला लावलं. ओट्यावर हसणं चालू होतं आणि मला हवं होतं ते मी वाचत होतो. एकेक ओळ मी गिळून घेतली. सूड घ्यायचा, हे तिथेच ठरवलं. कसा, ते कळत नव्हतं.

भिलाटीत मी ती गोष्ट आमच्या भिलीत सांगितली. पुरुषांनी ऐकलं आणि बिड्या पेटवल्या. बायांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. वेस्त्याची आई म्हणाली, तो राजा महालात बसला होता, आपला ओट्यावर बसतो. त्याच्या दारात जेवायला आपण कशाला जातो?

आखाजीला जुनं साल संपतं. त्या दिवशी मालकाच्या अंगणात पंगत बसते. पुरणपोळी खाल्ली की माणूस नव्या सालाला बांधला गेला. खाल्लेल्याने मागे फिरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मालकाला ती पाठ होती. न खाल्लेलाही बांधला जात नाही, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्या आखाजीला कोणी गेलं नाही. बोलावणं आलं. कोणी उठलं नाही. मग माझा बा उठला. "मालक वाट पाही ऱ्हायना," तो म्हणाला. मी झोपडीच्या दारात आडवा बसलो. म्हणालो, मला तुडवून जा. तो खाली बसला.

दुपारी धाकटा मालक स्वतः भिलाटीत आला. जन्मात पहिल्यांदा.

"जे व्हयनं ते व्हयनं," तो म्हणाला. "चाल, जेवाले चाल. तुन्हाकरता पुस्तक बी काढी ठेयेल शे."

त्याचं गोड बोलणं मला त्याच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. मी उठलो नाही. मालकाशी बसून बोलायची ती माझी पहिली वेळ.

"मी येनार नही. कोनीच येनार नही."

पोळ्या गुरांना घातल्या म्हणे. पेरणी तोंडावर आली तरी त्याचं रान नांगराविना पडून होतं. आमचेही हाल झाले. मोहाची फुलं उकडून खाल्ली, पोरं रडली. तरी मी रोज मुद्दाम त्या रानावरून जायचो. उभं राहून बघायचो. मन निवायचं.

बा अजून म्हणतो, सोडून दे, माफ कर. मी माफ केलेलं नाही. करणार नाही. तापीच्या या काठाने गावोगाव भिलाट्या आहेत आणि प्रत्येक गावात एक ओटा आहे. मी एकेका भिलाटीत जातो, बायांमध्ये बसतो, बोलतो. पुढची आखाजी येऊ दे. या मालकांनी खुशाल पंगती मांडाव्यात. एकाही पानावर मी माणूस बसू देणार नाही.