आसरांची कारभारीण

“थांबा, बायांना इचारून सांगते,” असं म्हणून पाड्यावरच्या आजी डोळे मिटत. बाया म्हणजे साती आसरा, डोळखांबकडच्या त्या पाड्याखाली डोहात राहणाऱ्या पाण्याच्या देवता. उत्तर यायला वेळ लागत नसे, आणि ते बहुधा आजींना हवं तेच असे.

देवाच्या नावावर आपलं खपवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आजी त्यांतल्याच, पण गोड. बायांना साबणाचा वास चालत नाही, म्हणून डोहात कपडे धुवायचे नाहीत, इथवर ठीक होतं. पण बायांना माझ्या पिशवीतली चहापूड आवडते, हे जरा जास्तच झालं.

“सातीजणींना?” मी विचारलं.

“नाय, फकस्त थोरलीला.”

मी गावोगाव हिंडून देवीची लस टोचत असे, म्हणून लोक मला देवीडॉक्टर म्हणत. आजींनी त्यातून नातंच जोडलं होतं. “तुमी देवीचे, मी बायांची. आपला खाता येकच.”

महायुद्धाच्या काळात एका उन्हाळ्यात पाड्यावर पटकी, म्हणजे कॉलरा, आली. नदी आटलेली, पाणी काय ते डोहात. पाण्यात टाकायचं औषध घेऊन मी गेलो, तर माणसं वाटेत उभी. डोह बाटवला तर आसरा कोपतील, म्हणाली. आदल्याच दिवशी एका घरातून तिरडी निघाली होती.

मी आजींकडे बघितलं. त्या डोहाशी उकिडव्या बसल्या. त्या दिवशी मात्र उत्तराला बराच वेळ लागला.

“आदी दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी वाटीभर पाण्यात औषधाची चिमूट सोडली. पाणी गर्द जांभळं झालं.

“हा तर शालूचा रंग,” आजी माणसांकडे वळून म्हणाल्या. “डाक्टर बायांना शालू नेसवतात. आडवा कोन येतो?”

कोणी आलं नाही. पण औषध टाकल्यावर ते पाणी प्यायला तयारही कोणी होईना. शेवटी आजींनीच ओंजळ भरली. प्यायल्या, तोंड वाकडं झालं.

“बरा लागतो,” त्या म्हणाल्या, आणि दुसरी ओंजळ घेतली.

पुढे पटकी ओसरली. एकदा अंगणात दोघंच असताना मी चेष्टेनं विचारलं, “तेव्हा बाया काय बोलल्या हो?”

“काय बोलतील? गप होत्या.” आजी सुपातली नाचणी निवडत राहिल्या. “मागल्या पटकीत माझी लेक गेली, तवाही गपच होत्या. म्हून या टायमाला मीच बोलले.”

मग माझी बदली मुरबाडकडे झाली. काही वर्षांनी पुन्हा पाड्याकडे जाणं झालं, तेव्हा वाटेतच कळलं की आजी आदल्या पावसात गेल्या. तरी मी डोहावर गेलो. एक नवी सून हंडा भरत होती. अनोळखी माणूस पाहून तिनं पदर सावरला.

“कोन हवाय तुमाला?”

“कोणी नाही,” मी म्हणालो, आणि तिचा हंडा भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो.