राजमहंमद मिस्त्रीचा ट्रे

आळेफाट्यावर राजमहंमद मिस्त्रीचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान एकाच भिंतीला टेकून आहे. त्यामुळे तीस वर्षं मी त्याची फुशारकी ऐकत आलोय. "मी इंजिन आधी खोलत नाय, आधी बोलायला लावतो," हे गिऱ्हाइकाला ऐकवलं नाही असा त्याचा एक दिवस गेला नसेल. माझं डोकं फिरायचं. पण त्याचं निदान चुकत नव्हतं, हेही खरं.

समाधानची जुनी पिकअप आली ती पाणी पिते म्हणून. रोज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा तांब्या पाणी कमी, आणि पाइप कोरडे, जमीन कोरडी. विहिरीचं पाणी ओतून समाधान टोमॅटो नारायणगावला पोचवत होता. मिस्त्रीने त्याला आधी चार शिव्या हासडल्या.

"पानी वतून इंजिन गंजवतो व्हय रं? निस्तं कुलंट भर. हिरवं असतं, गळलं की लगेच दिसंल."

कुलंटचा कॅन माझ्याच दुकानातून गेला.

समाधान गाडी लावायचा मळ्यात, आईच्या खोपटासमोर. जानकाबाईचं सुनेशी पटत नाही, म्हणून ती तिथे एकटी राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोबतीला टिप्या नावाचं तांबडं कुत्रं. मागे उसातून बिबट्या अंगणात आला तेव्हा टिप्या म्हातारीच्या बाजेपुढे उभा राहिला. त्याचा कान फाटला, पण तो हटला नाही. तेव्हापासून आधी टिप्याला भाकरी, मग तिच्या तोंडात घास.

मिस्त्रीची पद्धत ठरलेली. संध्याकाळी इंजिनखाली पत्र्याचा रुंद ट्रे सरकवायचा आणि सकाळी स्वतः जाऊन बघायचा. या कामाला तो दुसऱ्या कुणाला पाठवत नसे. पहिल्या सकाळी मीही त्याच्यासोबत गेलो तर रेडिएटर कमी, ट्रे लख्ख. दुसऱ्या सकाळीही तेच.

लख्ख! गॅरेजची धूळ बसलेला ट्रे घासल्या ताटासारखा चमकत होता आणि या शहाण्याला त्यात काही खटकलं नाही. मी शेजारीच उभा होतो, मलाही नाही.

"भायेर थेंब नाय. म्हंजी आतच जळतंय. हेड ग्यास्केट गेलंय," मिस्त्रीने निकाल दिला.

त्याच सकाळी टिप्या दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. "कुनी इख घातलं काय गं बाई," म्हातारी म्हणाली. आम्ही च्यक च्यक केलं आणि गाडी ओढून गॅरेजला आणली.

दोन दिवस मिस्त्री हेड उतरवून बसला. गॅस्केट धडधाकट निघालं. त्याने निमूट सगळं परत बसवलं. तेवढ्यात समाधान सांगून गेला, टिप्या मेला, आई जेवत नाही.

गाडी परत मळ्यात लावली आणि खाली ट्रे ठेवला. सकाळी गेलो तर ट्रेमध्ये हिरवं कुलंट साचलेलं. वॉटरपंपाचं सील गेलं होतं. इंजिन गरम असताना ते धरायचं, थंड झालं की थेंब थेंब सोडायचं. साधं पाणी होतं तेव्हा ते रात्रीतच मातीत मुरून जायचं. एवढा साधा दोष. मिस्त्री वाकून ट्रेकडे बघतच राहिला. मग त्याने मान वळवून अंगणातल्या टिप्याच्या रिकाम्या साखळीकडे पाहिलं, आणि मला कुलंटच्या कॅनवरची विषाची खूण आठवली; चवीला मात्र ते गोड असतं.

जानकाबाई काठी टेकत आली. "मिस्त्री, ताट घिऊन जावा आता. खायाला कोन ऱ्हायलंय?"

"कसलं ताट, मावशी?"

"ह्येच की, पत्र्याचं. टिप्यासाटी ठिवलं व्हतं न्हवं तुमी? पयल्या दिशी त्यानं नुसतं हुंगलं. वलं लागलं हाताला, मला वाटलं कालवन हाय. मंग मीच भाकर कुस्करली त्यात, तवा चाटूनपुसून खाल्लं बगा. दुसऱ्या दिशी तर आपसूक ताटाकडं गेला. मुक्या जनावराची कोन आठवन ठिवतंय, राव? तुमी ठिवली."

कुठल्याही गाडीचा दोष सापडला की मिस्त्री तो रस्त्यावरच्या माणसालाही बोलावून सांगायचा. हा त्याने सांगितला नाही. मीही सांगितला नाही. त्याने ट्रे उचलला, तेव्हा त्यातलं हिरवं त्याच्या पायांवर सांडलं.

"उद्या समाधान पिल्लू आनतोय," म्हातारी म्हणाली. "त्याला बी ताट ठिवशीला ना?"

"ठिवतो, मावशी," राजमहंमद म्हणाला.