पेंडीचं खाद्य

आज थोरल्या जाऊबाईंनी कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य बदललं. सुक्या मासळीच्या कुटाच्या वासानं शेजारी कुरकुरत होते, म्हणून त्याऐवजी सोयाबीनची पेंड आणि शेवग्याचा वाळवलेला पाला मिसळला. पिल्लं भांड्याभोवती जमली, पण चोच कुणीच घालेना. मान तिरकी करून ती त्या हिरवट भुग्याकडे नुसती पाहत राहिली.

"यात काय घातलंय, विचारतायत," मी म्हणाले.

"भूक लागली की खातील मुकाट," जाऊबाई म्हणाल्या.

ते मला बोचलं. भुकेपोटी घेतलेल्या घासाला पसंती कसं म्हणायचं? आपल्या भल्याचं म्हणून पुढ्यात आलेलं कितीतरी आपणही असंच गिळतो, आणि शंका घेणारा मात्र हट्टी ठरतो.

दुपारी एका तांबूस पिल्लानं भुग्यातला एक कण उचलला, टाकला, पुन्हा उचलून गिळला. लगेच बाकीची तुटून पडली.

"बघ, आवडलं!" जाऊबाई हसल्या.

माझं मन काही मानेना. संध्याकाळी त्या पिल्लाला बघायला खुराड्याशी गेले, तर जाऊबाई आधीच तिथे होत्या. पिल्लू हातात धरून त्याच्या गळ्याखालची खाद्यानं भरलेली पिशवी हलकेच चाचपत होत्या.

"सहज आले होते," त्या म्हणाल्या.